मोरोबास, गोदूच्या उत्तरासह

मोरोबा, कल्याणहून तुझा पुतण्या बातमी घेऊन आला तेव्हा मी ओट्यावर बसून दाढी करवून घेत होतो. अर्धा गाल झाला होता. तो पायरीवरच थांबला, पागोटं हातात घेतलं आणि म्हणाला, "काका गेले." न्हाव्याचा हात थबकला. मी त्याला म्हटलं, "पुरी कर." अशा वेळी माणूस काय बोलून जातो, त्याला काही धरबंध नसतो.

ती पुरी व्हायच्या आधीच उठलो आणि आत जाऊन सांगितलं. बायको भिंतीला टेकून खाली बसली. हातातलं काम ठेवून गोदू मागच्या दारानं विहिरीवर गेली. मग पाण्याचा आवाज येऊ लागला. एक घागर, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. बायको डोकावून आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "वन्सं आंघोळ करतायत. नेसत्या लुगड्यानिशी."

नात्यातलं माणूस गेल्याचं कानावर आलं, की आपण नेसत्या वस्त्रानिशी डोक्यावरून पाणी घेतो. भावाच्या मित्रासाठी असं कोणी करत नाही. भावाच्या मित्रासाठी हळहळतात, फार तर एक वेळ जेवत नाहीत. माझी विधवा बहीण भर उन्हात विहिरीवर बसून तुझं स्नान करत होती आणि मी अर्ध्या दाढीनं माजघरात उभा होतो. तिला मी काय विचारणार होतो? विचारण्याची वेळ वीसएक वर्षांमागे येऊन गेली होती. तेव्हा तिला विचारायचं काम तूच माझ्यावर सोपवलं होतंस, आणि तिला न विचारता, तिचं म्हणून एक उत्तर मी तुला आणून दिलं होतं.

हे तुला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसतानाच तू गेलास. तुझ्या शाळेविषयी, तू लावलेल्या शिस्तीविषयी लिहायला तुझे विद्यार्थी आहेत, ते चांगलं लिहितील. मला फक्त हे एक लिहायचं आहे. त्यासाठी त्या सोंगांच्या दुपारपासून सुरुवात करावी लागेल.

त्या वर्षी घाटावर पाऊस झाला नव्हता. देशावरची माणसं उतरून कल्याणला येत आणि स्टेशनाबाहेर झाडांखाली पडून राहत. तू तिथे शाळेत मास्तर होतास. रविवारी ठाण्याला आमच्याकडे आलास की जेवायला बसायचास आणि पहिल्या घासाशीच अडायचास. आई म्हणायची, "मोरोबा, तू उपाशी राहिल्यानं त्यांची पोटं भरायची नाहीत रे." तू म्हणायचास, "म्हणून तर जेवतोय, काकू." पण जेवत नव्हतास. तिथे कांजीचं छत्र घालायचं तुझ्या मनात होतं, आणि वर्गणीची वही घेऊन दारात गेलं की लोक सोवळ्यात असत, नाहीतर झोपलेले असत.

तेव्हा आपल्या बापूनं ती युक्ती काढली. बापू माझ्याबरोबर कचेरीत नकला करी, आणि माणसांच्या नकला त्याहून बऱ्या करी. तो म्हणाला, "ठाण्याचा माणूस धर्मासाठी हात सैल सोडणार नाही, पण मिरवायला सोडेल. आपण पेशवाईचा दरबार भरवू. प्रत्येकानं आपल्या आजोबांच्या कपड्यांत यायचं. आजच्या कपड्यांत आला त्याला वर्गणी दुप्पट."

आपलं पहिलं भांडण त्यावरून झालं. मी म्हटलं, भुकेल्यांच्या नावावर सोंगं काढायची हे मला बरं वाटत नाही. तू म्हणालास, "तुला बरं वाटावं म्हणून नाही काढत आहोत. कांजीला कळतं का, तांदूळ रडून आणले की हसून?" पुढे कितीतरी वर्षं आपण हे भांडलो. मी कधी हरलो असं कबूल केलं नाही. आज करतो. त्यातही तू बरोबरच होतास.

टेंभीवरच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं आपला दिवाणखाना दिला. सरदार लढाईवर निघाला आहे आणि त्याची बायको त्याला ओवाळते आहे असा एक देखावा मध्यभागी करायचा ठरलं. सरदार मी, कारण माझ्याकडे आजोबांची चक्री पगडी होती आणि तिच्यात माझं डोकं मावत होतं. बायको तू, कारण आपल्या तिघांत मिशी काढायला तूच तयार झालास. बापू म्हणाला, "विधुर आहेस, विचारायला घरी कोणी नाही." तू हसलास. तुझी बायको पहिल्या बाळंतपणात गेल्याला तेव्हा चार-दोन वर्षं झाली असतील. त्या विषयावर तू एवढंच हसायचास.

मग शालू कुठून आणायचा. गावात सवाष्णींचे शालू पुष्कळ होते, पण पुरुषाच्या अंगावर घालायला कोण देणार? तेव्हा आतून गोदू म्हणाली, "माझा आहे."

तिच्या लग्नातला शालू. लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि कपाळ पुसलं तेव्हा चौदा. त्यानंतर तो पेटीत होता. दर वर्षी ती तो उन्हात घालायची, घडी बदलायची आणि परत ठेवायची. त्या वेळी ती एकोणीस-वीसची असेल. केस अजून होते. आई म्हणाली, "तो आता कोणी नेसायचा नाही." गोदू म्हणाली, "सवाष्णीनं नेसायचा नाही. सोंगानं नेसला तर कोणाला काय होणार आहे?" आईनं पेटी उघडू दिली. मला वाटतं, त्या घरात गोदूचं म्हणणं तडीस गेलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

तुला आठवतात ना त्या मागच्या पडवीतल्या दुपारी? आई खांबाशी वाती वळत बसायची, राखणीला. गोदू तुला हात लावू शकत नव्हती, शालू स्वतःला लावू शकत नव्हती. मग शालू तिनं मला नेसवला. मी मध्ये उभा, ती माझ्या निऱ्या घालते आहे, आणि तू समोर एक जुनं धोतर घेऊन ती करील तसं करतो आहेस. कासोटा कसा खोचायचा, पदर कुठून घ्यायचा, सगळं माझ्या अंगावर. बोलणं तिचं तुझ्याशी, पण नजर माझ्या खांद्यावर.

"दादा, त्यांना सांग, निऱ्या मुठीत धरायच्या. ती काय छडी आहे?"

"सांग तिला," तू म्हणायचास, "मास्तर माणूस आहे, दुसरं काही धरता येत नाही."

"आणि चालताना घाई नको म्हणावं. लढाईवर दादा निघालाय."

"दादा लढाईवर निघालाय म्हणूनच घाई. कधी एकदा जातो असं झालंय."

त्यावर ती हसली. तोंडाला पदर लावून नव्हे, मोकळं हसली. आई वातीवरून मान वर न करता म्हणाली, "पुरे." ती गप्प झाली, तू गप्प झालास, आणि मी मध्ये शालू नेसून उभा. मला तेव्हा सगळं दिसलं होतं, मोरोबा. दिसलं नाही असं मी पुढे स्वतःला सांगत आलो, म्हणून आज लिहून ठेवतो.

दरबार भरला. दुपारची वेळ, खिडक्या उघड्या, बायकांसाठी एका बाजूला चिकाचा पडदा. आजोबांच्या कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा आणि वाळ्याचा वास. बापू चिलखत घालून आला होता. ते घालताना दोन माणसं लागली होती आणि काढताना चार लागली. कोणी बाराबंदीत, कोणी इतक्या सैल तुमानीत की एक हात सारखा कमरेशी. आमचे शिरस्तेदार कोट घालून आले, दारात दुप्पट वर्गणी दिली आणि आत आल्यावर मात्र चेहऱ्यावर असा पश्चात्ताप, की बापूनं त्यांना स्वतःचा शेला दिला. मिठागरांचा तो एक मालक आला तो तर लंगोटी आणि खांद्यावर घोंगडी घेऊन. दारातल्या माणसानं अडवलं. तो म्हणाला, "आमचा आजा हेच नेसायचा. मंग दुप्पट कनाला?" दारातला माणूस वही चाळू लागला. तू तोंडावर पदर ओढून आतून शालूतच बाहेर आलास, त्याला हाताला धरून पुढच्या लोडाशी नेऊन बसवलंस आणि म्हणालास, "आजच्या दिवसातला खरा पोशाख हा एकच आहे." तो खूश झाला, आणि नंतर दुप्पट काय, तांदळाची गाडीच छत्रावर पाठवली.

मग आपला देखावा. मी पगडी घालून, भिकबाळी अडकवून उभा. तू तबक घेऊन आलास. चाल उत्तम जमली होती. पदर जिथल्या तिथे. नथ, बुगड्या, पाटल्या, सगळं. लोक वाहवा करू लागले. आणि अर्ध्यातच आवाज थांबला. चिकामागून एक बाई बोलली, फार मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं: "अगो बाई, हिचं कपाळ."

तुझ्या कपाळावर कुंकू नव्हतं.

नवऱ्याला लढाईवर ओवाळायला निघालेली बाई, अंगावर शालू, नाकात नथ आणि कपाळ उघडं. त्या दिवाणखान्यात कोणी श्वास घेईना. हा देखावा आहे, हा मोरोबा मास्तर आहे, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी. मी स्वतः मागे सरलो, ते तुला दिसलं असणार.

ही चूक तू, मी आणि गोदू या तिघांखेरीज कोणाच्या हातून झाली नसती. आई सकाळीच बायकांची बैठक मांडायला टेंभीवर गेली होती. घरात मी तुला नेसवत होतो आणि गोदू दाराआडून एकेक सांगत होती. पदर झाला, नथ झाली, बुगड्या झाल्या. कुंकू तिच्या तोंडात आलंच नाही. पाच वर्षं ते तिच्या हाताला नव्हतं. तुला तिनं शिकवलं तेवढंच येत होतं. आणि मी तुझ्यासमोर उभा राहून, तुला वरपासून खालपर्यंत पाहून म्हटलं होतं, "झालं, काही राहिलं नाही." माझ्या घरात तसं कपाळ मी रोज पाहत होतो. मला त्यात उणं दिसलंच नाही.

तू तबकाकडे पाहिलंस. कोयरीत बोट घातलंस आणि तिथेच, सगळ्यांदेखत, कपाळावर हे एवढं मोठं वाकडं कुंकू लावलंस. मिठागरवाला पुढून म्हणाला, "झाली सवाष्ण," आणि सगळा दिवाणखाना हसला. बापूनं चिलखत वाजवलं. तू मला ओवाळलंस. निरांजन हलत होतं. लोकांना वाटलं, हसू दाबतो आहे. मी जवळ होतो. तू हसत नव्हतास.

घरी आलो. तू पुढच्या खोलीत शालू सोडत होतास आणि मागे आई गोदूला बोलत होती. "भरल्या सभेत माझ्या मुलाला अपशकून केलास. हातच तसला. नवऱ्याला खाल्लंस, आता भावाला ओवाळायला निघालीस बिनकुंकवाची." भिंत कुडाची. तुला शब्दन् शब्द ऐकू येत होता. मलाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मी आत जाईन, निदान "आई, पुरे" एवढं म्हणेन असं तुला वाटलं असावं. मी पगडी खुंटीला लावत बसलो. तू शालूची घडी घातलीस, तिनं शिकवली होती तशीच, नीट, आणि ती माझ्या हातात देऊन निघून गेलास.

पुढच्या रविवारी आपण खाडीवर गेलो. भरती होती, मचवे बांधावर वर आले होते. आपण बांधाच्या टोकापर्यंत चालत गेलो. मग म्हणालास, "कुंकू विसरलं कोण?"

"तिघंही," मी म्हटलं.

"आणि शिव्या कोणी खाल्ल्या?"

मी मचव्यांकडे पाहिलं.

"तू गेल्या साली सभेत बोललास. पुनर्विवाहावर. टेबलावर हात आपटलास. मी टाळ्या वाजवल्या."

"आठवतंय."

"मग गोदूला विचार." तू माझ्याकडे पाहत नव्हतास, पाण्याकडे पाहत होतास. "तिच्या मनात असेल तर मी तयार आहे. लोक बोलतील ते मी सोसेन, तिला सोसावं लागेल त्यातलं अर्धं मला मागता येईल. मनात नसेल तर हा विषय संपला. मी तुझ्याकडे येणं सोडणार नाही आणि तिच्याकडे मान वर करून पाहणार नाही. पण विचार तिलाच. काकूंना नाही, तुझ्या मनाला नाही. घाई नाही."

मी हो म्हटलं. घरी येईपर्यंत मला खरंच विचारायचं होतं. अंगणात माझ्या दोन्ही मुली सागरगोटे खेळत होत्या. त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं सगळं समोर आलं. ग्रामण्य होईल, घरावर बहिष्कार पडेल, या दोघींना कोण करून घेईल, आई विहीर जवळ करील. मी गोदूला विचारलं नाही. मी स्वतःला सांगितलं, ती नाहीच म्हणणार, कशाला उगाच तिच्या मनाला त्रास. हे स्वतःला सांगायला बरं होतं. खरं असं, की ती हो म्हणेल याची मला भीती वाटत होती.

तू उत्तरासाठी आलास तेव्हा मी तुला ओट्यावर चढूच दिलं नाही, रस्त्यात गाठलं. म्हटलं, "विचारलं. नको म्हणाली."

तू म्हणालास, "बरं." मग, "रागावली नाही ना मी विचारलं म्हणून?"

"नाही."

"मग झालं," तू म्हणालास, आणि कांजीच्या छत्राला लाकडं कमी पडतायत, त्या व्यापाऱ्याशी बोलून बघतोस का, असं विचारलंस. मी दुसऱ्याच दिवशी जाऊन बोललो. तेवढं काम मात्र मी फार मनापासून केलं.

पुढच्या वर्षी आईनं तिला नाशिकला नेलं आणि केस उतरवून आणलं. मी भाड्याची व्यवस्था केली. त्यानंतर तू आलास, माजघरातून लाल आलवणाचा पदर जाताना तुला दिसला, आणि तू पाणी पिऊन लगेच उठलास. पुढे काही महिने आला नाहीस. मला, खरं सांगतो, हायसं वाटलं.

पण तू आलास. शब्द दिला होतास, येणं सोडणार नाही म्हणून. माझी बदली जव्हारकडे झाली तेव्हा बायको माझ्याबरोबर आली; घरात आई, गोदू, मुलं एवढीच. तू दर रविवारी कल्याणहून येऊन ओट्यावर बसायचास आणि वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचास. आईनं मला सांगितलं तेव्हा मी तुला विचारलं, मोठ्यानं का वाचतोस. म्हणालास, "काकूंना कमी ऐकू येतं." आईला कमी ऐकू येत होतं हे खरंच होतं. तिला वर्तमानपत्रातलं काही कळत नव्हतं हेही खरं होतं. गोदूला आज विलायतेपासून ब्रह्मदेशापर्यंत सगळं माहीत आहे. ती एवढी शहाणी कुठून झाली, असं बायको मला एकदा म्हणाली. आत कोण ऐकतंय हे तू कधी विचारलं नाहीस, मान वर करून पाहिलं नाहीस. नुसता वाचत राहिलास.

माझ्या थोरल्या मुलाच्या अक्षराला वळण तू लावलंस. मला विषमज्वर झाला तेव्हा रजा घेऊन उशाशी बसलास. धाकटीच्या लग्नात व्याही अडून बसले, तेव्हा तू त्यांना गोष्टी सांगून जेवायला बसवलंस. माझ्यावर तुझे उपकार झाले, की दर वेळी मला वाटायचं, आज सांगून टाकू. आणि दर वेळी वाटायचं, आज नको, आज याने माझ्यासाठी एवढं केलं आहे.

तुझी आई मागे लागली, स्थळं येत राहिली, तू लग्न केलं नाहीस. बापू चिडवायचा, "याला ते सोंग फार मानवलं, अजून शालू सुटत नाही." तू म्हणायचास, "एकदा नकार पचवला, पुन्हा ताकद नाही." बापूला वाटायचं थट्टा आहे. मी तेवढ्यात चिलमीला विस्तव आणायला उठायचो.

गेल्या माघात मी कल्याणला आलो होतो, आठवतं? तू अंथरुणावर होतास, पण बोलणं तेच. तुझ्या वहिनी चहा ठेवून गेल्या. तू म्हणालास, "एक विचारू? इतक्या वर्षांनी विचारायला हरकत नसावी. गोदूनं तेव्हा नको म्हटलं, ते कोणत्या शब्दांत?"

मी म्हटलं, "आता आठवत नाही."

"असू दे," तू म्हणालास. "मला वाटलं, तिचे म्हणून काही शब्द असतील. नुसतं नको म्हणणाऱ्यातली ती नव्हती." आणि मग तू माझ्या मुलाच्या नोकरीचं विचारलंस.

मोरोबा, तेव्हा सांगायला हवं होतं. तू चिडला असतास, कदाचित माझं तोंड पुन्हा पाहिलं नसतंस. तो तुझा हक्क होता. मी तोही तुला दिला नाही.

तुझं तेरावं झालं त्या दुपारी मी मागच्या अंगणात गेलो. गोदू कुरडया वाळत घालून कावळे हाकलत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. खाडी, तुझं विचारणं, माझं उत्तर, माघातलं तुझं बोलणं. सांगताना माझी नजर कुरडयांवर होती. मध्ये एकदा तिनं कावळा हाकलला. मी थांबलो तेव्हा तिनं विचारलं, "शब्द काय होते?"

"कशाचे?"

"त्यांनी विचारलं त्याचे."

मी सांगितले. मला पाठ होते. तू म्हणालास तसेच सांगितले, पाण्याकडे पाहत होतास हेही सांगितलं. शेवटचं "घाई नाही" म्हटलं तेव्हा तिनं मान हलवली, जणू काही ते तिला ओळखीचं होतं.

मग ती म्हणाली, "मला कोणी कधी काही विचारलं नाही, दादा. लग्न करताना नाही, न्हाव्यापुढे बसवताना नाही. त्याची सवय झाली, त्याचा राग राहिला नाही. पण यांनी विचारलं होतं. ते तरी माझ्यापर्यंत येऊ द्यायचं होतंस."

मी म्हटलं, "तू काय म्हणाली असतीस?"

"ते आता कसं सांगू? तेव्हा मी भित्री होते. आईच्या आड लपले असते. कदाचित नाहीच म्हटलं असतं." तिनं एक कुरडई उलटी केली. "पण ते माझं 'नाही' झालं असतं. त्यांनी जन्मभर उराशी धरलं ते तुझं 'नाही' होतं. ते माझं म्हणून धरलं, याचं मला वाईट वाटतं."

मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "ती राहू दे. ती द्यायला वेळ लागेल." अजून तिनं दिलेली नाही. मी पुन्हा मागितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन मला बोलावलं. म्हणाली, "तू त्यांच्यावर लिहितो आहेस असं वहिनी म्हणत होती."

"लिहायचं आहे. तुझं नाव येईल त्यात. तू नको म्हणालीस तर नाही लिहिणार."

"लिही. नाव घालून लिही. या वयात मला कोण वाळीत टाकणार?" मग ती सरळ बसली आणि म्हणाली, "पण आधी विचार."

"काय?"

"त्यांनी विचारायला सांगितलं होतं ते. तू अजून विचारलेलं नाहीस."

मी विचारलं, मोरोबा. माझी बहीण आता चाळिशीची आहे, आलवण नेसते, गुडघ्याला हात देऊन उठते. तिच्यासमोर मांडी घालून बसलो आणि तुझे शब्द जसेच्या तसे म्हटले. तिनं घाई केली नाही. बाहेर बायको भांडी आवरत होती, ते सगळं आवरून झालं तरी गोदू विचार करत होती.

मग म्हणाली, "त्यांना सांग, गोदू हो म्हणते. आणि म्हणावं, वर्तमानपत्र ऐकू येत होतं, शेवटच्या ओळीपर्यंत."

हे तिचे शब्द आहेत. या वेळी मी त्यांत काही घातलेलं नाही.